मंडईला जमलेलं गोत

आमचं गाव गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधपासून अर्ध्या तासावर. घरासमोर अंगण, अंगणापलीकडे बैलगाडीची वाट आणि वाटेला लागूनच तलावाची पाळ. आजोबा गेल्यावर शेतीच्या वाटण्या झाल्या, घर मात्र कुणी वाटून मागितलं नाही. मोठेबाबा आणि मोठीआई, म्हणजे माझे थोरले चुलते आणि चुलती, आजीला घेऊन तिथेच राहिले. बाकीचे नागपूर, पुणे, हैदराबाद, रायपूर असे पांगले. मागच्या काही वर्षांत आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, बाजूला तीन खोल्या आणि न्हाणीघरं बांधली. आता ज्याला सुटी मिळेल तो पोराबाळांना घेऊन तलावाकाठी चार दिवस राहून येतो.

पण सगळे एका वेळी कधीच जमले नव्हते. यंदा नवरात्रातच मोठेबाबांनी घरोघरी फोन लावले. "लग्नात भेटता, जेवता, निंगता. त्याले का भेटनं म्हनते? मंडईले या. सारे आले पायजे."

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग म्हणजे झाडीपट्टी. भाऊबिजेपासून पुढे इथे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, त्यामुळे आजचा यजमान उद्या शेजारच्या गावात पाहुणा असतो. दिवसा दुकानं आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घराघरात सोयरेधायरे. लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान घरात आलेला असतो आणि भारी, उशिराचा, धान कापणीला लागलेला असतो. एवढं सगळं एका मुहूर्तावर जमून येत असताना आम्ही इतकी वर्षं मे महिन्याच्या लग्नांत एकमेकांना शोधत होतो, याची मला मनापासून हळहळ वाटली.

शुक्रवार

नागपूरहून पहाटे निघालो. भंडारा, साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की झाडी सुरू होते. नागपूर ते आमचं घर हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण शेवटचा पट्टा सावकाश चालवावा. रस्त्यावर धान वाळत घातलेला असतो आणि संध्याकाळी गुरं परततात. रेल्वेने यायचं तर गोंदियाला उतरून बल्लारशाच्या गाडीने अर्जुनीला यावं. रायपूरच्या आत्याबाई तशाच आल्या, आणि आम्हा सगळ्यांत कमी दमलेल्या त्याच होत्या.

नवेगावला रस्त्याकडेला एक बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. वरून काळेकुट्ट, फोडल्यावर आत पांढराशुभ्र गर. माझ्या पुण्याच्या भाच्याने उपासाचं शिंगाड्याचं पीठ खाल्लेलं होतं, पण शिंगाडा पाण्यात पिकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या बाईंनी त्याला हात दाखवले. शिंगाड्याला काटे असतात, वेल ओढून तोडताना ते बोटात शिरतात. "गार पान्यात उभं राहून तोडा लागते, बाबू," एवढंच म्हणाल्या आणि वर मूठभर जास्तीचे घातले.

घरी पोचलो तेव्हा आजी छपरीतल्या बंगईवर, म्हणजे ओसरीतल्या झोपाळ्यावर, बसून होती. नव्वदीला टेकलेली, कान मंद झालेले, पण येणाऱ्या प्रत्येकाला तिने आधी पाणी प्यायला लावलं आणि मग कामाला. कुणी लसूण सोलायचा, कुणी पोपटाच्या शेंगा निवडायच्या, कुणी मागच्या विहिरीवरून गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरून आणायचे. झोपायची व्यवस्थाही तिनेच लावली: पोरं मागच्या खोल्यांत, बाया माजघरात, माणसं छपरीत. एका चुलत भावाने बायको-मुलांसाठी नवेगावला पर्यटक निवासात खोली घेऊन ठेवली होती. आजी म्हणाली, "खोलीत झोपाले तुमची घरं आहेत नं." पहिली रात्र माजघरात हसत-खिदळत काढल्यावर वहिनीनेच सकाळी ती खोली सोडून द्यायला लावली.

संध्याकाळी तलावावरचे ढिवर भाऊ रोहू आणि दोन मोठ्या मरळ घेऊन आले. तलावातली मासेमारी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, आणि आमच्या घराशी या माणसांचे संबंध आजोबांच्या काळापासूनचे. मोठीआईने अंगणातल्या चुलीवर रोहूचा रस्सा केला. मरळीचे तुकडे हळद-मीठ लावून तव्यावर. माळकऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर वांगे-पोपटाची भाजी होती आणि खरं सांगायचं तर त्या रात्री तीच पहिल्यांदा संपली. पोपट म्हणजे आमच्याकडचा वाल. थंडी पडायला लागली की त्याच्या शेंगांना चव येते. भात नव्या तांदळाचा, जरा चिकट, वाफाळता. आमचा भाग भात खाणाऱ्यांचा. जेवणात चिन्नोर तांदळाचा नुसता वास आला तरी म्हातारी माणसं ताट पुढे करतात, आणि भंडाऱ्याच्या या चिन्नोरला आता भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मोठेबाबा रोजच्या खाण्यात एचएमटी तांदूळ वापरतात. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे या छोट्या शेतकऱ्याने शेतातली वेगळी लोंबी ओळखून, निवडून निवडून हे वाण तयार केलं, हे त्यांनी मुलांना ताटावरच सांगितलं. हैदराबादची भाची दुकानातून हाच तांदूळ नावानिशी आणायची. त्यामागे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला माणूस आहे हे ऐकून तिने भात पुन्हा मागून घेतला.

अशा घरी येणाऱ्यांनी काय आणावं? अंगावर घ्यायला जाड चादर, डासांचं मलम, नेहमीची औषधं आणि रोख पैसे. मोबाइलला पाळीवर गेल्याशिवाय रेंज नाही. मुलांना आधीच तसं सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या रात्री कुरकुर होत नाही.

शनिवार

तलावावर सकाळी धुकं होतं. भाच्याची दुर्बीण घेऊन आम्ही पाच-सहा जण पाळीवर गेलो. अडई बदकांचा मोठा थवा शिट्ट्या घालत उठला आणि पुन्हा तिथेच बसला. हळदीकुंकू बदकांच्या जोड्या काठाच्या गवताजवळ होत्या. त्यांच्या चोचीचं पिवळं टोक आणि कपाळाजवळचा लाल ठिपका पाहिला की नाव कुणी आणि का दिलं ते विचारावं लागत नाही. मध्यभागी काळे वारकरी. सारस दिसला नाही. राज्यात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यातच उरला आहे आणि इथेही फार थोडा. आजी म्हणते, तिच्या लग्नाच्या वेळी सारसाची जोडी या तलावावर होती आणि सकाळी तिच्या ओरडण्याने जाग यायची. पक्षी पाहायचे असतील तर सूर्य वर यायच्या आत निघा, पाळीवरून मोठ्याने बोलू नका, आणि शिंगाड्याच्या वेलांच्या बाजूला पाण्यात उतरू नका.

न्याहारीला आयते होते. तांदळाच्या पिठात गूळ घालून तव्यावर पसरायचे, कडा सुटल्या की उलटायचे. मोठीआई एका वेळी दोन तवे चालवत होती, तरी पोरांची रांग हटेना.

दुपारी मंडई. गोवारी, म्हणजे गुराखी समाजाची, मंडळी ढाल नावाची पूजेची काठी घेऊन, वाजतगाजत, नाचत आली आणि तिथून गर्दी सुरू झाली. जिलेबी, मिरचीचे भजे, आलुबोंडे, उसाच्या कांड्या, बांगड्या, खेळणी, चपला. एका बाजूला दंडार उभी राहिली. यात पुरुषच बाईचा वेश घेऊन नाचतात आणि मधूनमधून प्रसंग रंगवतात. काकाजी, म्हणजे माझे धाकटे चुलते, सिंचन विभागातून निवृत्त झालेले. एरवी ते फार कमी बोलतात. दंडारीच्या कडेला एक साठी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. काकाजींनी त्यांना लांबूनच ओळखलं आणि तरातरा जाऊन हातच धरला. शाळेतले सोबती. तरुणपणी दंडारीत हेच गृहस्थ राणी व्हायचे आणि आमच्या काकाजींनी त्यांचं लुगडं नेसवून देण्याचं काम केलेलं. दोघं तिथेच तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "तीस वर्षांच्या संसारात यांच्या तोंडून एवढे शब्द मी ऐकले नाहीत." लग्नाच्या मांडवात हे होणं शक्य नव्हतं, तिथे काकाजी आहेराची पाकिटं सांभाळत बसलेले असतात.

रात्री नाटक. झाडीपट्टीच्या नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो जवळजवळ होळीपर्यंत. मंडळ्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातली पोरं वर्गणी काढून तिथे जातात, मंडळी ठरवतात, मांडव घालतात, तिकिटं विकतात. हंगामात कलावंत आज या गावी तर उद्या दुसऱ्या, रात्रभर उभे असतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले गेले होते.

नाटक दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडताना संपतं. लहान मुलं असतील तर मागे तणीस आणि चादर टाकून जागा आधीच धरा. पुढच्या खुर्च्यांचं तिकीट जास्त, पण म्हाताऱ्या माणसांना ते घ्याच, कारण ऑर्गन-तबल्याचा आवाज मागे फाटून ऐकू येतो. पहाटे दोननंतर थंडी हाडात शिरते, तेव्हा स्वेटरवर शाल हवी.

आमचं नाटक भावांच्या वाटण्यांचं होतं. थोरला भाऊ, त्याची सोसणारी बायको, शहरातून शिकून आलेला धाकटा, आणि एक नोकर, जो सगळ्यांना हसवायचा. मधूनमधून लावणी. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत ज्याला लोक भडक म्हणतील असा अभिनय, पण हजारभर माणसांच्या मांडवात शेवटच्या माणसापर्यंत दुःख पोचवायचं तर तसाच करावा लागतो, हे मला त्या रात्री मनोमन पटलं. थोरली जाऊ दागिना काढून देते त्या प्रसंगाला आत्याबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. हैदराबादच्या भाचीला सगळे शब्द कळत नव्हते; ती आईला सारखं विचारत होती, "ह्याने कागदावर सही केली का? केली का?" सही झाली तेव्हा तीही गप्प झाली. आजी पुढच्या रांगेत, घोंगडी पांघरून, डोळे मिटून बसलेली. मला वाटलं झोपली. तेवढ्यात एका कलावंताची ओळ चुकली आणि आजीने डोळे न उघडता मान हलवली.

रविवार

सकाळ झोपेत गेली. दहा वाजता काकाजींनी मुलांना गोळा केलं आणि पाळीवरून फिरवून आणलं.

काकाजींनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच सलग ऐकलं. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधले. जो तलाव बांधेल त्याला जमीन, अशी रीत होती. उतार पाहून मातीची पाळ घालायची, खाली धानाच्या बांध्या, आणि वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात असा एकाला एक जोडलेला हिशोब. पाळीच्या पोटात तुडूम असतं, म्हणजे पाणी सोडायची पायऱ्या-पायऱ्यांची जागा. पाणी जसं उतरेल तशी खालची भोकं उघडायची. त्यासाठी वीज लागत नाही आणि इंजिनही लागत नाही. काकाजींनी मुलांना तुडूमाशी नेऊन हात घालायला लावला. "मी नोकरीत मोठमोठी धरणं पाहिली," ते म्हणाले, "पन शेवटच्या बांधीले पानी पोचते का, हे इथं पहिले पाहात होते."

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी तलाव, म्हणून लोक आता त्यांना मामा तलाव म्हणतात. मालक गेला, तशी वर्षाच्या वर्षाला गाळ काढणारी, पाळीवर माती टाकणारी व्यवस्थाही गेली. आमच्या तलावात गाळ साचला, कडेने बेशरमीची झुडपं माजली. गावाने श्रमदान करून ती उपटली तेव्हा मोठेबाबा रोज सकाळी तिथे असायचे. या घराला तलावाकाठचं घर म्हणून आम्ही फोटो काढतो, पण त्या बेशरमीच्या काळात काठ दिसतही नव्हता. मुलांना हे कळायला हवं होतं, आणि काकाजींच्या तोंडून कळलं याचा मला फार आनंद आहे.

जेवायला कढीगोळे. हात धुवत होतो तोच आमचं शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारे भाऊ सायकल टाकून अंगणात आले. "मोठेबाबा, पानी येते वाटते जी. कडपा पडून आहेत."

मी आकाशाकडे पाहिलं. पश्चिमेला काळं दाटून आलं होतं. धान कापून शेतातच वाळायला पसरतात, त्या कडपा. त्यावर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो, लोंबीतच कोंब फुटतात. खरेदी केंद्रावर ओलावा सतरा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, पण भिजलेल्या धानाला तो भाव लागू होत नाही. व्यापारी देईल ते घ्यायचं. चार महिन्यांची मेहनत एका तासावर आलेली.

मोठेबाबा काही बोलले नाहीत, चप्पल घालून निघाले. मागोमाग बाबा, काकाजी, मग सगळेच. आत्याबाईंनी साडी खोचली. माझ्या नवऱ्याला, म्हणजे घरच्या जवायाला, मोठीआई "तुमी बसा जी" म्हणत होती, तोवर तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचलाही होता. शेतात पोचल्यावर कामं वाटायची गरज पडली नाही. ज्यांना येत होतं ते भारे बांधत होते, ज्यांना येत नव्हतं ते कडपा उचलून त्यांच्यापर्यंत आणत होते. धानाच्या पात्यांनी हात चिरतात. पुण्याच्या भाच्याचे दोन्ही हात लाल झाले आणि मला त्या शिंगाडेवाल्या बाईंची बोटं आठवली.

पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचायचं काम मोठेबाबांनी आणि बाबांनी घेतलं. लोंब्या आत, बुडखे बाहेर, आणि मध्ये उंच, म्हणजे पाणी आत न शिरता बाहेरून निथळतं. पुंजण्याच्या उतारावरून दोघांचा वाद झाला, चांगला मोठ्याने. तो वाद ऐकताना काकाजींचा चेहरा उजळला होता. "आबाजी असताना पन हाच वाद," मला म्हणाले. आबाजी म्हणजे आजोबा. बटईदार भाऊंची म्हातारी आई धुऱ्यावर उभी राहून सगळ्यांना पाणी देत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "तू कोनाचा गा?" उत्तर ऐकल्यावर तिला त्याच्या बापाच्या लहानपणीची एक तरी गोष्ट आठवायची.

ताडपत्रीचं शेवटचं टोक दगडाखाली गेलं तेव्हा थेंब सुरू झाले होते. दोन बांध्यांतल्या कडपा राहून गेल्या. त्या भिजल्या, आणि दुसऱ्या दिवशी उलटून वाळवाव्या लागल्या. बाकीचं वाचलं.

पाऊस तासभर पडला. वीज गेली. छपरीत कंदील लावून सगळे दाटीवाटीने बसलो, मोठीआईने सांबार घातलेले भजे तळले. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) त्या रात्री कुणाला गाणी म्हणायची नव्हती की खेळ खेळायचे नव्हते, सगळं बोलणं शेताचंच चाललं. कोण बटईने करतं, किती ठरलं आहे, नुकसान झालं तर वाटून घ्यायचं की नाही. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना हे आधी माहीतच नव्हतं. भिजलेल्या दोन बांध्यांचा तोटा जमीनमालकांनी, म्हणजे आम्ही, सोसायचा असं तिथेच ठरलं. हैदराबादच्या दादाने आधी म्हटलं आणि सगळ्यांनी होकार दिला.

सोमवार

काही जण सकाळीच निघाले. उरलेले आम्ही नवेगावच्या मोठ्या तलावावर गेलो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असं मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी बुजवून पाणी अडवलेलं. त्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलांना लोक कोलासुर देव म्हणून पुजतात. आमच्या छोट्या तलावाचं तुडूम पाहून आलेल्या मुलांनी इथे सर्वांत आधी पाणी बाहेर कुठून सोडतात ते शोधलं. नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. २०१३ मध्ये नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. जंगलात जायचं असेल तर सफारीची नोंदणी घरून निघण्याआधी करा. मंडईच्या दिवसांत ऐनवेळी गाडी मिळणं कठीण.

परतताना वाट वाकडी करून गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत गेलो. १९७२ पासून हे लोक इथे आहेत. भातशेतीच्या मधोमध प्रार्थनेच्या रंगीत पताका फडफडताना पाहून मुलं थबकलीच. वसाहत शांत होती. एका आजींनी चहा देताना चक्क झाडीच्या वळणाच्या मराठीत सांगितलं की तरुण मंडळी स्वेटर विकायला मोठ्या शहरांत गेली आहेत, थंडी सरल्यावर येतील. आमच्या आत्याबाईंनी त्यांच्या शेजारी बसून नातवंडं किती, कुठे असतात, फोन करतात का, अशी सगळी चौकशी केली. उठताना दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. तिथे जाणार असाल तर शांतपणे जा, मठात चपला बाहेर काढा, आणि विचारल्याशिवाय माणसांचे फोटो घेऊ नका.

घरी येऊन जेवलो आणि मोठेबाबांनी वही काढली. किराणा, मासे, नाटकाची तिकिटं, मांडवाची वर्गणी, सगळं लिहिलेलं. भागिले कमावती माणसं. शिकणाऱ्या पोरांचा आणि म्हाताऱ्यांचा वाटा नाही. ज्यांना असं एकत्र जमायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच की हिशोब एकाच माणसाकडे द्या, आणि स्वयंपाकाला गावातल्या दोन बायांची मदत रोजाने घ्या. आम्ही ती घेतली होती, म्हणून मोठीआई आणि काकू नाटकाला पहाटेपर्यंत बसू शकल्या.

हैदराबादच्या दादाला रजा आधी टाकावी लागते, म्हणून त्याने पुढच्या मंडईची तारीख विचारली. ती दिवाळीच्या तोंडावर गाव ठरवतं. मोठेबाबा म्हणाले, "मंडईचं मंग पाहू. पावसाच्या आंधी कवेलू फेरा लागते. मे महिन्यात कोन येते ते सांगा." कवेलू म्हणजे छपरावरची कौलं. पुण्याचा भाचा, माझा धाकटा भाऊ आणि आमचे जवाईबापू येतो म्हणाले. मोठेबाबांनी तिघांची नावं वहीत लिहून घेतली, आणि त्याखाली नवे कवेलू किती आणायचे तो आकडा.